तळहातांची जागा

संगणकाच्या इतिहासात आमच्या कंपनीचं नाव आहे, असं आम्ही तिघं मानतो. बाकी कोणी मानत नाही. पण बाकीच्यांना आम्ही कधी विचारलेलंही नाही.

आम्ही तिघं म्हणजे मी, चकाचक आणि सोल्डरताई. चौथा साचेकर. त्याचं खरं आडनाव वेगळं होतं, पण यंत्राच्या बाहेरच्या प्लास्टिकचे साचे तो करायचा, म्हणून साचेकर. आतल्या सर्किटवर काम करणारी मंडळी स्वतःला मेंदूचे डॉक्टर समजायची आणि साचेकरला शिंपी. तो म्हणायचा, "मेंदू दिसत नाही रे कोणाला. कोट दिसतो." सोल्डरताई त्या मेंदूच्या डॉक्टरांपैकी, आमच्यात सर्वांत मोठी, त्यामुळे सगळ्यांना अरे-तुरे करायचा परवाना तिच्याकडे. चकाचक दुरुस्ती विभागाचा प्रमुख. त्याला हे नाव का पडलं ते पुढे कळेलच. मी माहितीपुस्तिका लिहायचो; म्हणजे यंत्र विकत घेतल्यावर जी कोणी वाचत नाही, ती.

कंपनीने तिच्या लहानशा आयुष्यात नाव घेण्यासारखी एकच वस्तू बनवली, 'सोबती' नावाचा लॅपटॉप. लॅपटॉप हा शब्दच तेव्हा नवा होता. जाहिरातीत एक माणूस सोबती मांडीवर घेऊन हसताना दाखवला होता. फोटो पटकन निघाला म्हणून तो हसत होता. आणखी थोडा वेळ बसता तर मांडी बधिर झाली असती. पडदा राखाडी, अक्षरं निळसर, आणि जरा बाजूने पाहिलं की काहीच दिसायचं नाही. या दोषाला जाहिरातीत आम्ही 'गोपनीयता' म्हटलं होतं.

पण सोबतीत एक गोष्ट होती.

त्या काळातले बहुतेक लॅपटॉप उघडले की कीबोर्ड अगदी पुढच्या काठाशी असायचा. मनगटं हवेत धरून टाइप करायचं आणि संध्याकाळी खांदे उतरवून खुंटीला टांगायचे, अशी रीत होती. सोबतीची बॅटरी होती विटेएवढी. ती मागे बसेना, बाजूला बसेना. शेवटी वैतागून साचेकरने ती पुढे घातली आणि कीबोर्ड मागे ढकलला, पडद्याच्या पायथ्याशी. त्यामुळे पुढे बरीच मोकळी जागा उरली. मालकांनी नमुना उघडून पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"ही पुढे गच्ची कशाला काढलीय? कपडे वाळत घालायला?"

"खाली बॅटरी आहे," साचेकर म्हणाला.

"ते तुला माहीत. गिऱ्हाईक विचारेल, ही रिकामी जागा कशाची, तर काय सांगायचं?"

साचेकरने माझ्याकडे बोट दाखवलं. "हा लिहील काहीतरी."

मी लिहिलं. 'टाइप करताना तळहात येथे ठेवावेत.' सोबत एक बाण. माझ्या एकूण लेखनापैकी जगाने पाळलेलं हे एकमेव वाक्य. आज कुठलाही लॅपटॉप उघडा, गच्ची आहे आणि लोक तिच्यावर तळहात ठेवून बसलेत. अर्थात त्याच सुमारास दुसऱ्या दोन-चार कंपन्यांनाही गच्ची सुचली होती. त्यांना ती विचार करून सुचली असेल आणि आम्हाला बॅटरी बसेना म्हणून, एवढाच फरक. दुसरा फरक म्हणजे त्यांची यंत्रं खपली. आमच्या कंपनीने थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळला.

साचेकरला आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून संताप यायचा, तो म्हणजे वापराचा. आपण जीव ओतून वस्तू बनवावी आणि गिऱ्हाइकाने ती वापरावी, हा त्याला निव्वळ विश्वासघात वाटे. दुरुस्तीला आलेल्या यंत्रावर चहाचे गोल डाग, पोरांनी चिकटवलेली चित्रं, कीबोर्डात बिस्किटांचा चुरा पाहिला की तो घरचं कोणी आजारी असल्यासारखा चेहरा करायचा. त्यानेच दुरुस्ती विभागाच्या भिंतीवर पाटी लावून घेतली होती: 'यंत्र परत जाताना त्यावर मालकाची खूण राहता कामा नये.' ती पाटी अक्षरशः पाळणारा माणूस म्हणजे चकाचक. त्याच्या बेंचवरून यंत्र उठलं की कालच खोक्यातून काढल्यासारखं दिसायचं. एकदा एका बाईंनी फोन करून आम्हाला फैलावर घेतलं. तुम्ही माझं यंत्र ठेवून घेतलंत आणि मला दुसरंच पाठवलंत म्हणून. साचेकरच्या मते कंपनीला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र. त्या दिवशी त्याने चकाचकला चहा पाजला होता आणि खांद्यावर हात ठेवला होता. चकाचक ही गोष्ट अजून सांगतो, आणि सांगताना तो खांदा थोडा पुढे करतो.

आता गंमत बघा. साच्यातून निघालेला पहिलावहिला सोबती साचेकरने स्वतःच्या घरी नेला आणि तो मात्र जन्मात कधी बेंचवर आणला नाही. चकाचक मागत राहिला, "एकदा आण रे, धुऊनपुसून देतो," आणि साचेकर म्हणत राहिला, "बघू." कंपनी गेली, केस गेले, तरी तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्याच यंत्रावर वर्तमानपत्रांना तक्रारीची पत्रं लिहायचा. शेवटी शेवटी यंत्र सुरू होईना. तरी तो झाकण उघडायचा, तळहात गच्चीवर ठेवायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. इतक्या वर्षांत गच्चीवर उजवीकडे बशीएवढा भाग झिजून गुळगुळीत झाला होता. बाकी सगळीकडे प्लास्टिकचा बारीक खरखरीत दाणा, आणि तेवढ्यात नाही. डावीकडेही तसंच, फक्त तिथे मनगटाच्या जागी तीन-चार ओरखडे होते, घड्याळाच्या पट्ट्याच्या कडीचे. त्यावरून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्याच्याशी भांडायच्या. घड्याळ काढून बसायला काय होतं तुम्हाला, असं. साचेकर तेव्हाही म्हणायचा, "बघू."

गेल्या वर्षी साचेकर गेला.

वहिनींच्या डोळ्यांचं दुखणं त्याच्या आधीचं. त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आलाय. समोरचं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे माझ्याशी बोलताना त्या माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघतात. सुरुवातीला मी जरा दुखावलो होतो. वाटलं, कपाट माझ्यापेक्षा बरं बोलत असावं. साचेकरचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे. मी एकदा त्याच्याकडे बघत उभा होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मला त्यात त्यांचे कानच दिसतात, भावोजी. चेहरा बघायला जावं की चेहरा जातो, कान उरतात. कानांशी माणूस किती बोलणार?"

आणि मग त्या खिडकीजवळच्या टेबलाशी गेल्या. सोबतीचं झाकण उघडलं. उजवा तळहात उजवीकडच्या गुळगुळीत जागेवर ठेवला, डावा डावीकडे, आणि डाव्या हाताचा अंगठा वळवून त्या ओरखड्यांवरून हळूच फिरवला.

"हे इथं आहेत," त्या म्हणाल्या. साखरेचा डबा इथं आहे म्हणावं, त्या सुरात.

सोल्डरताई माझ्याबरोबर होती. परत येताना ती वाटभर काही बोलली नाही, आणि सोल्डरताई गप्प बसते ही घटनाच मुळी दुर्मीळ. वहिनींना तसं बसलेलं चकाचकनेही पाहिलं होतं, वेगळ्या दिवशी. तो मला कौतुकाने म्हणाला होता, "वहिनी बघ, दिसत नाही तरी रोज यंत्र पुसतात."

त्यानंतर संग्रहालयाच्या बाई आल्या. शहरातल्या तंत्रज्ञान संग्रहालयात लॅपटॉपच्या इतिहासाचं दालन होणार होतं. बाई तरुण, गोड बोलणाऱ्या, आणि आम्हा तिघांकडे अशा नजरेने बघणाऱ्या की आता आपल्यालाही क्रमांक देतात की काय, अशी शंका यावी. वहिनींनी सोबती पुढे केला. बाईंनी हातमोजे चढवले, छोटा टॉर्च पेटवला आणि गच्चीवर अगदी नाक टेकेल इतक्या वाकल्या.

"हे… हे किती वर्षांचं आहे?"

"यंत्र?" मी म्हटलं.

"यंत्र नाही हो. ही झीज."

मी त्यांना माझ्या वाक्याची हकीकत सांगितली. पुस्तिकेची प्रतही दाखवली, बाणासकट.

"पुस्तिकेत काय, काहीही लिहिता येतं," बाई म्हणाल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी लगेच सावरून घेतलं. "म्हणजे असं की, कोणी खरंच तिथे हात ठेवत होतं का, ते पुस्तिकेवरून कळत नाही. आधी कोणाला सुचलं यावर सगळ्या कंपन्या भांडतात. कागद सगळ्यांकडे आहेत. पण इतकं वापरलेलं, एकाच माणसाने वापरलेलं, त्यातही पहिला नमुना, मी तरी पाहिलेला नाही. काचेत ठेवलं तर बघणाऱ्याला एक शब्द वाचावा लागणार नाही."

सोल्डरताई म्हणाली, "सुरू करून देऊ का? कपॅसिटर गेले असणार, बाकी काही नाही."

"सुरू झालं तर सोन्याहून पिवळं. नाही झालं तरी चालेल. पण बाकी कशाला हात लावू नका. आहे तसंच हवंय."

"परत मिळेल ना?" वहिनींनी बाईंच्या शेजारच्या खिडकीच्या पडद्याला विचारलं.

"वर्षभराने. मी स्वतः आणून देईन."

वहिनींनी चाचपत सोबतीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "त्यांचं नाव लागेल?"

"लागेल. मोठ्या अक्षरांत."

"मग न्या. वर्षभर मी नुसत्या टेबलावर हात ठेवीन."

यंत्र चकाचककडे गेलं, कारण हत्यारं त्याच्याकडे. घरामागच्या खोलीत त्याने दुरुस्ती विभाग जसाच्या तसा थाटलाय; भिंतीवर प्रत्येक पक्कडीची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे पक्कड जागेवर नसली की तिचं भूत दिसतं. सोल्डरताई सकाळी जाऊन सर्किट काढून घरी घेऊन आली, कपॅसिटर बदलले, एक तुटलेली तार जोडली आणि सर्किट परत नेऊन दिलं. मधले काही दिवस रिकामं खोकं चकाचकच्या बेंचवर एकटंच होतं. रिकामं खोकं आणि चकाचक.

त्याचा फोन आला. आवाजात लग्नघर. "या दोघं. आत्ता या. चालू झालंय."

आम्ही गेलो. बेंचवर पांढरं फडकं झाकून ठेवलं होतं. चकाचकने ते एका झटक्यात ओढलं.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला फार आनंद झाला. पिवळट पडलेलं प्लास्टिक पुन्हा दुधी झालं होतं. झाकणावरचा चरा गायब. बटणांवरची उडालेली अक्षरं नव्याने उमटलेली. कंपनीचं चिन्ह चमकत होतं. कोणीतरी आपलं तारुण्य इस्त्री करून आणून द्यावं, तसं. चकाचकने बटण दाबलं, आत काहीतरी कुरकुरलं, आणि राखाडी पडद्यावर निळसर अक्षरं उभी राहिली.

"अरे," सोल्डरताई म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती. "गच्ची?"

"नवी केली!" चकाचक म्हणाला. "काय हालत होती तिची, बघवत नव्हती. आणि ते ओरखडे! साचेकर असता तर फाशी घेतली असती."

"त्या बाईंनी सांगितलं होतं ना, कशाला हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं होतं. मी म्हटलं, घाणीला म्हणत नसतील."

सोल्डरताई वाकली. तिने बोटाने गच्ची चाचपली. मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "नुसती पुट्टी भरलीस ना रे? खाली जुनं आहे ना? खरवडून काढता येईल?"

"नुसती पुट्टी?" चकाचक दुखावला. "मी कधी अर्धवट काम केलंय का, ताई? आधी पॉलिशपेपरने सगळं घासून सपाट केलं. मग पुट्टी. मग परत घासलं. मग रंग लांबून फवारला, म्हणजे दाणे उठतात. दाणा बघ, दाणा! हे बघ." त्याने खणातून प्लास्टिकची एक पट्टी काढली. सोबतीच्या दाण्याचा मूळ नमुना, साचेकरने पसंत करून दिलेला. इतकी वर्षं त्याने तो कापसात गुंडाळून ठेवला होता. "ह्याच्याशी ताडून केलाय. डोळे मिटून हात फिरव, फरक कळला तर नाव बदलीन."



"वहिनी डोळे मिटूनच हात फिरवतात रे," सोल्डरताई म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या रोज बसायच्या ना यंत्रापुढे…"

"पुसायला."

"पुसत नव्हत्या."

मग तिने सांगितलं. चारच वाक्यांत सांगितलं; सोल्डरताईला लांबण लावता येते, पण तेव्हा तिने ती लावली नाही. चकाचकने ऐकून घेतलं. हातातली पट्टी परत कापसात गुंडाळली, खणात ठेवली, खण लावला. मग स्टुलावर बसला.

तिथूनच म्हणाला, "आपल्याकडे ते झिजवायचं मशीन होतं, आठवतं? चाचणीला. फेल्टचा बोळा पुढेमागे, पुढेमागे. ते जर कुठून मिळालं…"

"भंगारात गेलं ते," मी म्हटलं.

"हातानेही होईल. मी बसतो रोज. रात्रंदिवस बसतो." त्याने खरोखरच उजवा तळहात गच्चीवर ठेवला आणि घासू लागला. सोल्डरताईने त्याचं मनगट धरलं.

"तुझा हात आहे रे तो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही यंत्र घेऊन वहिनींकडे गेलो. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं. मी सुरुवात करायची, ताईने पुढे न्यायचं, चकाचकने माफी मागायची. आमच्या सगळ्या योजनांप्रमाणे ही योजनाही दारातच मोडली, कारण वहिनी म्हणाल्या, "आलं का? द्या इकडे," आणि यंत्र घेऊन थेट टेबलाशी गेल्या.

झाकण उघडलं. उजवा तळहात ठेवला. डावा ठेवला. अंगठा वळला, आणि थांबला. थोडा पुढे सरकला, मागे आला, बाजूला गेला. मग दोन्ही हात सगळ्या गच्चीवर फिरले, अंधारात किल्ली शोधावी तसे.

"हे कोणाचंय?" वहिनींनी विचारलं.



"अहो, दुसऱ्याच कोणाचं आणलंत तुम्ही. हे आमचं नाही." त्या हसल्यासुद्धा. "तुम्हा तिघांना मिळून एक काम धड जमेल तर शप्पथ. जा, आमचं घेऊन या."

'दुसरंच पाठवलंत' म्हणून फोन केलेल्या बाईंचा तो किस्सा त्या क्षणी आम्हा तिघांनाही आठवला असणार, कारण आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं.

"तुमचंच आहे, वहिनी," चकाचक म्हणाला. "मी… मी नवं केलं."

वहिनींचे हात जिथल्या तिथे राहिले. त्या खिडकीकडे बघत होत्या, म्हणजे कदाचित चकाचककडे बघत असतील.

"घासलंत?"

"हो."

"सगळं?"

"सगळं." चकाचक म्हणाला. त्याने खिशातून ते फडकं काढलं आणि तोंडावर धरलं.

 खालून कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती घशात अडकल्यासारखी खोकत होती आणि सुरू होत नव्हती. वहिनींनी गच्चीवर परत एकदा बोटं फिरवली, पण आता वेगळी. दुकानात कापडाचा पोत बघावा तशी.

"दाणा तोच आहे," त्या म्हणाल्या.

चकाचकने मान हलवली. मग वहिनींना मान हललेली दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "त्याच्याच पट्टीवरून केलाय."

"ह्या दाण्यापायी तीन महिने घरात डोकं खाल्लं होतं माझं. जाड दाणा, बारीक दाणा. जेवताना ताटाशेजारी पट्ट्या. मी म्हटलं, कोण बघणारेय तुमचा दाणा? तर म्हणाले, बघायचा नसतो, हाताला लागायचा असतो." त्या थांबल्या. "आज बघितलं असतं ना, तर चहा पाजला असता तुम्हाला. खरंच. फार आवडलं असतं त्यांना."

याच्याइतकं क्रूर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही, आणि ते बोलताना त्यांच्या मनात क्रूरपणाचा लवलेशही नव्हता. खरंच आवडलं असतं साचेकरला. चकाचकच्या खांद्यावर त्याने दोन्ही हात ठेवले असते.

मग वहिनींनी झाकण लावलं. कडी लागल्याचा टक आवाज झाला. तोही नवा होता.

"घेऊन जा. संग्रहालयाच्या बाईंना म्हणावं, वर्षाने परत आणायची गरज नाही. ठेवून घ्या."

"वहिनी…"

"अहो, आता ते त्यांनी बनवलेलं यंत्र आहे. ते संग्रहालयातच शोभेल. त्यांनी वापरलेलं होतं ते घरात ठेवण्यासारखं होतं." त्या उठल्या. "चहा टाकते. बिस्किटं खा, पण चुरा सांडू नका. हे असते तर ओरडले असते."

संग्रहालयाच्या बाईंनी यंत्र पाहिलं आणि खुर्चीवर बसल्या. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. त्यांनी लावला असता तर चकाचकला बरं वाटलं असतं, असं मला वाटतं. दालन उघडलं तेव्हा सोबती काचेच्या पेटीत होता. पाटीवर साचेकरचं नाव खरोखर मोठ्या अक्षरांत होतं. खाली लिहिलं होतं: 'उत्तम स्थितीतील नूतनीकृत नमुना. या काळात कीबोर्डपुढे मोकळी जागा ठेवण्याची पद्धत अनेक उत्पादकांनी सुरू केली.' अनेक उत्पादकांनी. इतिहासात आमचं नाव लागलं, ते असं. शेजारी माझी पुस्तिका त्या पानावर उघडून ठेवली होती, 'तळहात येथे ठेवावेत', आणि काचेवर संग्रहालयाची सूचना, 'काचेस हात लावू नये'. लोक दोन्ही वाचत होते आणि पुढे जात होते.

वहिनी सोल्डरताईच्या दंडाला धरून आल्या. ताईने त्यांना पाटी वाचून दाखवली. नावाची ओळ दोनदा वाचली, शेवटची वाचलीच नाही. वहिनी पेटीच्या अगदी जवळ गेल्या. मान थोडी तिरकी केली, म्हणजे कडेच्या नजरेत काही येतंय का बघायला. मग त्यांनी दोन्ही तळहात काचेवर ठेवले. उजवा उजवीकडे, डावा डावीकडे. डाव्या हाताचा अंगठा सवयीने वळला आणि काचेवरून थोडा फिरला.

दारातला पहारेकरी पुढे यायला निघाला. चकाचक त्याच्या वाटेत उभा राहिला आणि त्याला हे दालन नेमकं किती चौरस फूट आहे, असं विचारू लागला.

थोड्या वेळाने वहिनींनी हात काढले. "चला," त्या म्हणाल्या. ताई त्यांना बाहेर बाकावर घेऊन गेली. काचेवर दोन पंजे उमटले होते, धुरकट, बोटं फाकलेली. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात सफाई कामगार आला. खांद्यावर फडकं, हातात फवाऱ्याची बाटली.

"राहू द्या ना हो जरा वेळ," चकाचक म्हणाला.

सफाई कामगाराने आधी काचेकडे पाहिलं, मग चकाचककडे. "साहेब, डाग आहे," तो म्हणाला. समजावून सांगितल्यासारखं. मग त्याने फवारा मारला आणि वरून खाली, वरून खाली, काच पुसून काढली. चांगला माणूस होता. काम मन लावून करत होता.

तो गेल्यावर चकाचक काचेजवळ वाकला. तिरक्या उजेडात बघायची त्याची जुनी सवय. खालच्या कोपऱ्यात थोडंसं राहून गेलं होतं, अंगठ्याएवढं. मला वाटलं, आता तो त्या माणसाला परत हाक मारणार.

तो सरळ झाला, हात मागे बांधले आणि म्हणाला, "चल. वहिनी थांबल्यात."